टॅकुआ सिकाडा: वाळका नमुना मऊ करून पंख पसरवण्याची रीत

टॅकुआ स्पेसिओसा या मोठ्या सिकाड्याचा वाळका नमुना हाती आला की बहुतेक जण त्याला फुलपाखराची रीत लावतात. एक रात्र ओलसर डब्यात, पाठीत मधोमध टाचणी, पंख चिमट्याने पुढे ओढायचे, वर कागदी पट्ट्या आणि आठवड्याने थेट पेटीत. मग पंख मुळाशी तडकतो, उदर खाली झुकून वाळते आणि काही महिन्यांनी निळे उदर तेलकट, काळपट दिसू लागते. हे तिन्ही दोष टाळता येतात. त्यासाठी हा कीटक फुलपाखरापेक्षा कुठे वेगळा आहे ते आधी लक्षात घ्यावे लागते: वक्ष जाड आणि स्नायूंनी गच्च भरलेले, नराचे उदर आतून पोकळ, आणि पुढचे-मागचे पंख कडेने एकमेकांत अडकलेले.

खालची रीत टॅकुआसाठी लिहिली आहे, पण त्याच आकाराच्या कोणत्याही मोठ्या सिकाड्याला ती चालते. (मराठीत सिकाड्याला सर्रास रातकिडा म्हणतात. रातकिडा हा नाकतोड्याच्या गणातला, सिकाडा ढेकूण-माव्याच्या गणातला सोंडवाला कीटक. लेबलवर रातकिडा लिहू नका.)

१. आधी नमुना ओळखा आणि तपासा

टॅकुआ मलाय द्वीपकल्प, सुमात्रा, जावा आणि बोर्निओ इथला. शरीर साधारण ५ ते ५.५ सेंमी, पसरलेल्या पंखांचा विस्तार १५ ते १८ सेंमी. अंग काळे, डोक्यामागे पिवळसर हिरवा कंठपट्टा, वक्षावर आडवा लाल पट्टा, उदर निळसर हिरवे, पंख जवळजवळ काळे. काळ्या अग्रपंखावर (पुढच्या पंखावर) ठळक आडवा पिवळा पट्टा असेल तर तो टॅकुआ नव्हे, बहुधा टोसेना या प्रजातीतला. विक्रेत्यांच्या पाकिटांत ही गल्लत होते.

नर की मादी, हे कामाला हात लावण्यापूर्वीच ठरवा, कारण पुढच्या तीन-चार पायऱ्या त्यावर अवलंबून आहेत. नमुना उलटा करा. उदराच्या मुळाशी, मागच्या पायांच्या लगेच मागे दोन चपट्या झडपा दिसल्या तर नर. झडपा नावापुरत्या आणि उदराच्या टोकाला खालून खाचेत बसलेली अंडी घालायची सुई दिसली तर मादी. नराच्या उदरात आवाज घुमवणारी मोठी हवेची पोकळी असते, म्हणून ते चिमटीत दाबले की कागदी पिशवीसारखे चेपते आणि परत फुगत नाही. मादीचे उदर अंड्यांनी आणि चरबीने भरलेले असते. ते चेपत नाही, पण तेल सोडते.

आता भिंगाखाली पाहा:

– उदर आणि वक्ष यांच्या सांध्याला तडा आहे का. असेल तर मऊ केल्यावर उदर गळून पडणार हे धरून चाला. गळालेला भाग टिपून ठेवा, शेवटी चिकटवता येतो.
– पाकिटाच्या तळाशी तपकिरी भुगा किंवा केसाळ कात आहे का. असेल तर आत म्युझियम भुंगेऱ्याच्या (वाळके नमुने खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या) अळ्या आहेत किंवा होत्या. असा नमुना हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर गार अंगावर बाहेरची वाफ जमते.
– पाकिटावर लिहिलेली माहिती. पाकीट फेकू नका. पुढे लेबलसाठी तोच एकमेव पुरावा आहे.

नमुना विकत घेतलेला असेल तर तो कायदेशीररीत्या गोळा होऊन बाहेर आल्याची कागदपत्रे त्याच वेळी मागून घ्या. राखीव वनांत आणि राष्ट्रीय उद्यानांत कीटक धरायला परवानगी लागते, आणि एका देशातून दुसऱ्या देशात नेताना दोन्हीकडचे नियम लागू होतात.

२. साहित्य

सगळे आधी मांडून ठेवा. मऊ झालेला सिकाडा हवेत तासाभरात पुन्हा ताठरायला लागतो. खाचेची रुंदी चुकली म्हणून त्या वेळी नवी फळी शोधायला जाणे परवडत नाही.

– घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, साधारण २० बाय १५ सेंमी, उंची ८ सेंमी किंवा जास्त.
– धुतलेली, उकळून गार केलेली वाळू, २ सेंमीचा थर होईल इतकी.
– नमुना ठेवायला प्लास्टिकची जाळी किंवा उथळ ताटली.
– थायमॉलचे खडे, चमच्याच्या टोकावर मावतील इतके. बुरशीसाठी.
– कीटकांच्या टाचण्या: अंगासाठी ४ किंवा ५ नंबर, पंख सरकवायला ० किंवा १ नंबर, आधारासाठी साध्या काचेच्या मण्याच्या टाचण्या ४० तरी.
– पसरवण्याची फळी. याबद्दल खाली.
– ट्रेसिंग पेपरच्या पट्ट्या: १ सेंमी रुंदीच्या चार आणि ५ सेंमी रुंदीच्या चार.
– पोस्टाची तिकिटे धरायचा चपट्या, गुळगुळीत तोंडाचा चिमटा आणि एक टोकदार चिमटा.
– १ मिलिची सिरिंज, बारीक सुई.
– टिपकागद, बारीक ब्रश, भिंग.

फळी. फुलपाखरांसाठी मिळणाऱ्या बहुतेक फळ्या इथे निरुपयोगी आहेत. त्यांची खाच ८ ते १२ मिमी असते आणि टॅकुआचे वक्ष त्यात उतरतच नाही. लोक ते दाबून बसवतात, मग पंखांची मुळे फळीच्या वर राहतात आणि पंख पट्ट्यांखाली कमानीसारखे वाकून वाळतात. नमुन्याच्या वक्षाची रुंदी मोजा, त्यात ३ ते ४ मिमी मिळवा, तेवढी खाच ठेवा. मोठ्या नमुन्याला ती २० ते २५ मिमी येते. खाचेची मोकळी खोली १५ मिमी आणि तिच्या तळाशी टाचणी रुतायला १० मिमी मऊ फोम हवा. दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग किमान १० सेंमी रुंद हवेत, कारण एकेक अग्रपंखच ७ ते ८ सेंमी लांब असतो. दाट पॉलिथिन फोमचे तीन तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवून अशी फळी अर्ध्या तासात होते. बाहेरच्या कडेकडे पृष्ठभाग किंचित, दोन-तीन अंश, चढता ठेवा. वाळल्यावर पंख थोडे खाली येतात, तेवढे त्यात सामावते.

तपासा: नमुना अजून वाळका असतानाच अलगद खाचेवर धरून पाहा. पंखांची मुळे फळीच्या पृष्ठभागाच्या रेषेत येतात का?

३. मऊ करणे

नमुना भिजवायचा नाही, दमट हवेत ठेवायचा. हा फरक न कळल्याने सर्वांत जास्त नमुने वाया जातात. भुंगेऱ्यांसाठी वापरतात ती गरम पाण्यात बुडवायची युक्ती इथे करू नका. नराच्या पोकळ उदरात पाणी शिरते, ते लवकर बाहेर येत नाही आणि आतून कुजायला सुरुवात होते. अमोनिया असलेले द्रावणही नको, त्याने हिरवे-पिवळे रंग बिघडतात.

१) वाळू डब्यात पसरा आणि उकळून गार केलेले पाणी घाला. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतकी ओल पुरे.
२) थायमॉलचे खडे कोपऱ्यात, कागदाच्या चिमुकल्या पुडीत ठेवा. ते नमुन्याला लागू देऊ नका.
३) वर जाळी, जाळीवर नमुना, पाठ वर.
४) झाकणाच्या आतल्या बाजूला टिपकागद चिकटवा. झाकणावर जमलेले थेंब पंखांवर पडले तर डाग राहतात. या एका कागदाचा आळस करू नका.
५) डबा सावलीत ठेवा. २५ ते ३० अंश तापमान ठीक.

फुलपाखराला एक-दोन दिवस पुरतात. इथे ४८ तासांनी पहिली तपासणी करा, पण काम सुरू करण्याच्या अपेक्षेने नव्हे. तीन ते पाच दिवस लागतात. घाई नसेल तर डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सात ते दहा दिवस ठेवा. वेळ जास्त जातो, पण बुरशी आणि कूज दोन्ही मागे राहतात, आणि मादीसाठी आम्ही हीच वाट सुचवू.

मऊ झाल्याची खरी परीक्षा पायांवर होत नाही. पाय पहिल्याच दिवशी हलतात, त्यावरून सगळे फसतात. परीक्षा अग्रपंखाच्या मुळाशी घ्या. वक्ष दोन बोटांत धरा, चपट्या चिमट्याने पंख मुळापासून सेंटिमीटरभर अंतरावर, पुढच्या जाड शिरेवर धरा आणि बाहेर हलवून सोडा. पंख सोडला तिथेच राहिला तर तयार. स्प्रिंगसारखा परत गेला तर आतले उड्डाणस्नायू अजून कडक आहेत. डबा बंद करा, आणखी एक दिवस.

पाच दिवसांनंतरही पंख परत जात असेल तर सिरिंज घ्या. उकळी येऊन दोन-तीन मिनिटे निवलेले पाणी ०.३ ते ०.५ मिलि घ्या आणि खालच्या बाजूने, मधल्या व मागच्या पायांच्या मुळांमधून सुई वक्षात घालून हळूहळू सोडा. पाणी बाहेर झिरपले की थांबा, टिपकागदाने टिपा, वीस मिनिटे पुन्हा डब्यात ठेवा. सुई उदराकडे वळवू नका. वरून, पाठीतून टोचू नका, छिद्र कायम दिसते.

सावधान: उग्र कुजका वास आला किंवा सांध्यांत पांढरे तंतू दिसले तर मऊ झालेले असो वा नसो, लगेच पुढच्या पायरीवर जा. बुरशी बारीक ब्रशने आणि थोड्या अल्कोहोलने पुसा. आणखी थांबलात तर उदर हातात येईल.

४. पाय, सोंड आणि मग टाचणी

क्रम असाच ठेवा. नमुना एकदा खाचेत गेला की पाय हाताला लागत नाहीत, आणि नंतर ते सरळ करायला बाहेर काढला तर पंख पुन्हा बसवावे लागतात.

नमुना उलटा, मऊ फोमवर ठेवा. सोंड पायांच्या मधोमध अंगाला चिकटून मागे गेलेली असते, ती तशीच राहू द्या. पुढचे पाय पुढे, मधले व मागचे पाय मागे, सगळे अंगाजवळ मुडपून. पाय ऐटीत बाहेर काढायचा मोह होतो, पण इथे त्याला गणिताने नकार द्यावा लागतो. कीटकटाचणी साधारण ३८ मिमी लांब. वर पकडायला ११ मिमी, वक्षाची जाडी सुमारे १५ मिमी, म्हणजे खाली उरतात १२ मिमी. त्यातले ५-६ मिमी पेटीच्या फोममध्ये. उरलेल्या ६ मिमीत दोन लेबले बसवायची आहेत. खाली लोंबणारे पाय तिथे अडकतात आणि मोडतात.

आता नमुना सुलटा करा. टाचणी मध्यवक्षाच्या (वक्षाच्या मधल्या भागाच्या) रुंद ढालीवर, मध्यरेषेच्या उजवीकडे साधारण २ मिमी. ढालीच्या मागच्या टोकाला फुलीच्या आकाराचा उंचवटा दिसतो, त्याच्या पुढे राहा. तो सिकाड्यांचा खास अवयव आहे, टोचून बिघडवायचा नाही. मधोमध का नाही? टाचणीने एक बाजू खराब झाली तरी दुसरी अभ्यासाला शाबूत राहावी म्हणून उजवी बाजू टोचायची, अशी जुनी प्रथा आहे. ओळख पटवणाऱ्याला मध्यरेषाही हवी असते आणि डावी बाजूही.

टाचणी लंब जाते का हे दोन दिशांनी पाहा: समोरून आणि बाजूने. समोरून पाहणे सगळे करतात, बाजूने पाहणे विसरतात, आणि मग डोके खाली व शेपूट वर अशा अवस्थेत नमुना वाळतो. खाली टाचणी मधल्या पायांच्या मुळांमधून बाहेर यावी, पायाच्या मुळातून नव्हे.

तपासा: टाचणी दोन बोटांत धरून हळूच फिरवा. नमुना टाचणीबरोबर फिरला पाहिजे. तो जागीच राहून टाचणी मोकळी फिरत असेल तर छिद्र सैल आहे. खालच्या बाजूने पांढऱ्या गोंदाचा एक थेंब लावा आणि पंधरा मिनिटे थांबा.

५. खाचेत बसवणे आणि उदराला आधार

टाचणी खाचेच्या तळाच्या फोममध्ये सरळ उतरवा, पंखांची मुळे पृष्ठभागाशी समतल येईपर्यंत. अंगाच्या दोन्ही बाजूंना, वक्षाला लागून एकेक आधारटाचणी टोचा, म्हणजे एक पंख ओढताना अंग गोल फिरणार नाही.

मग उदर. जड डोके-वक्ष टाचणीवर आणि लांब उदर मागे अधांतरी, अशी ही रचना. मऊ झालेले उदर स्वतःच्या वजनाने खाली येते आणि तसेच वाळते. उदराखाली दोन टाचण्या इंग्रजी एक्ससारख्या तिरक्या फुलीत टोचा आणि त्या फुलीच्या कुशीत उदर ठेवा. नरासाठी फुलीवर कापसाची पातळ गादी घाला, नाहीतर टाचण्यांचे वळ उमटतात. बाजूने पाहिल्यावर पाठ आणि उदर एका सरळ रेषेत हवेत, उदराचे टोक किंचित वर चालेल.

६. पंख पसरवणे

हीच खरी कसोटी. इथे एक तास द्या.

बसलेल्या सिकाड्याचे पंख अंगावर उतरत्या छपरासारखे असतात, म्हणजे उभे आणि मागे. पसरताना पंखाला दोन हालचाली कराव्या लागतात: बाहेर सरकणे आणि आडवे होणे. दोन्ही एकदम केल्या की मुळाजवळची बिजागरी पिळली जाते आणि बारीक ‘कट’ असा आवाज येतो. तो आवाज आला की त्या पंखाचे काम गोंदावर गेले.

१) आधी अडकण सोडवा. अग्रपंखाची मागची कड आणि मागच्या पंखाची पुढची कड वळलेल्या असतात आणि एकमेकींत गुंतून उडताना दोन्ही पंख एकत्र चालवतात. ० नंबरच्या टाचणीचे बोथट टोक दोन्ही पंखांच्या मधून मुळापासून बाहेरच्या दिशेला अलगद सरकवा. न सोडवता अग्रपंख पुढे नेला तर मागचा पंख ओढला जातो आणि कड फाटते.

२) डावा अग्रपंख मुळाजवळ चपट्या चिमट्याने धरा, अंगापासून १ सेंमी बाहेर न्या. थांबा. आता तो आडवा करा. मग पुन्हा थोडा बाहेर, पुन्हा आडवा. तीन-चार टप्प्यांत तो फळीवर सपाट येतो. उजवा तसाच.

३) दोन्ही अग्रपंख सपाट झाल्यावर पुढे सरकवा. यासाठी टाचणीचे टोक पंखाच्या पुढच्या कडेजवळच्या जाड शिरेमागे, मुळापासून पहिल्या एक-तृतीयांशात टेकवा आणि ढकला. टोचायचे नाही, टेकवायचे. काळा पापुद्रा दिसायला चामड्यासारखा, पण शिरांच्या कडेने कागदासारखा फाटतो. पंखाच्या टोकाला धरून ओढणे म्हणजे लांब तरफेने बिजागरी मोडणे.

४) अग्रपंखाची मागची कड अंगाशी काटकोनात आली की थांबा. दुसऱ्या पंखाला त्याच उंचीवर आणा. कागदावर आडवी-उभी रेघ मारून फळीवर ठेवलीत तर डोळ्यांची फसगत होत नाही. काटकोनापुढे नेऊ नका. फुलपाखरात थोडे पुढे गेलेले खपते, इथे मागच्या पंखाला तेवढे पसरता येत नाही आणि दोघांमध्ये फट पडते.

५) अरुंद पट्टी अग्रपंखाच्या मुळाजवळ, अंगाला समांतर आडवी घाला आणि पंखाच्या बाहेर दोन्ही टोकांना टाचण्या मारा. टाचणी पंखातून जाऊ देऊ नका.

६) आता मागचे पंख. ते अग्रपंखांच्या खाली राहिले पाहिजेत. पट्टी थोडी सैल करा, मागचा पंख पुढच्या जाड कडेने वर सरकवा, त्याची पुढची कड अग्रपंखाखाली जेमतेम झाकली जाईल इतका. मागचा पंख घडीत असतो. घडी पूर्ण उघडली की नाही ते प्रकाश बाजूने टाकून पाहा. काळ्या पंखावर घडी सरळ उजेडात दिसत नाही, आणि वाळल्यावर मात्र ठळक दिसते.

७) शेवटी रुंद पट्ट्यांनी पंखांचा उरलेला भाग टोकापर्यंत झाका. पट्टीची टाचणी पंखापासून १-२ मिमीवर आणि बाहेर झुकलेली असावी, म्हणजे कागद ताणला जातो.

सावधान: अर्ध्या कामात पंख ताठ व्हायला लागला तर जोर लावू नका. मुळाशी ब्रशने कोमट पाण्याचा थेंब सोडा, दहा मिनिटे थांबा. फारच ताठरला तर आहे त्या स्थितीत फळीसकट मोठ्या दमट डब्यात रात्रभर ठेवा.

दोन्ही बाजू पसरवायला जागा नसेल तर फक्त डाव्या बाजूचे पंख पसरवा आणि उजवे अंगालगत ठेवा. अभ्यासाच्या संग्रहात ही पद्धत सर्रास चालते, पेटीत जागा निम्मी लागते आणि मोडतोडही कमी होते. भिंतीवर टांगण्याच्या हौसेपायी सगळे दोन्ही बाजू उघडतात, एवढेच.

शृंगिका (मिशा) केसासारख्या आखूड असतात, डोळ्यांच्या मधोमध पुढे. त्यांना हात लावू नका. त्या सरळ करण्यात काही मिळत नाही आणि मोडल्या तर परत मिळत नाहीत.

७. वाळवणे

फुलपाखराला लागतो त्याच्या दुप्पट काळ धरा. कोरड्या हवेत दोन आठवडे, दमट हवेत चार. मादीला आणखी एक आठवडा. फळी उन्हात ठेवू नका, प्रकाशाने हिरवा कंठपट्टा आधी पिवळा आणि मग तपकिरी होतो. तापवून वाळवायचेच असेल तर ४० अंशांपुढे जाऊ नका. त्यापुढे चरबी पातळ होऊन बाहेर येते.

वाळवणाच्या काळातला सर्वांत मोठा शत्रू मुंगी आहे. फळी पाण्याच्या ताटलीत ठेवलेल्या भांड्यावर ठेवा, आणि फळी भिंतीला टेकली नाही हेही पाहा. वरून जाळी घाला.

तपासा: टाचणीच्या टोकाने उदराच्या टोकाला बाजूने अगदी हलके ढकला. सगळे अंग एकसंध हलले तर वाळले. उदर वेगळे हलले तर अजून एक आठवडा. पट्ट्या काढताना आधी बाहेरच्या काढा, अंगाजवळच्या शेवटी, आणि कागद वर न उचलता पंखाच्या टोकाच्या दिशेने सरकवा.

एखादा पंख खाली येत असेल तर पट्ट्या परत लावू नका. वाळलेला पंख दाबला की मुळाशी तुटतो. संपूर्ण नमुना पुन्हा दमट डब्यात, पहिल्यापासून.

८. तेल निघाले तर

काही आठवड्यांनी उदर ओलसर, गडद दिसू लागले तर ती ओल नव्हे, आतली चरबी आहे. वाट पाहून ती जात नाही, पसरत वक्षावर आणि पंखांच्या मुळांपर्यंत येते. उपाय शुद्ध ॲसिटोन. नखांचा रंग काढायचे द्रव वापरू नका, त्यात बऱ्याचदा तेल आणि सुगंध मिसळलेले असतात.

आधी उदराच्या खालच्या बाजूला, झडपेमागे, ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस काही सेकंद टेकवा. कापसावर रंग उतरला तर पूर्ण बुडवू नका. त्याऐवजी कापसाने थोडे थोडे टिपत राहा. रंग उतरला नाही तर लेबले काढून नमुना टाचणीसकट काचेच्या बरणीत, पूर्ण बुडेल इतक्या ॲसिटोनमध्ये २४ तास ठेवा. द्रव पिवळा झाला तर नवे घाला, आणखी २४ तास. द्रव रंगहीन राहिला की बाहेर काढा, पंख फुंकरीने मोकळे करा, हवेत वाळू द्या.

सावधान: ॲसिटोनची वाफ ठिणगीनेही पेट घेते. खिडक्या उघड्या, शेगडी बंद. आणि ॲसिटोन थर्माकोल विरघळवते. बरणीतून काढलेला ओला नमुना थर्माकोलवर टोचलात तर टाचणीभोवती खड्डा पडेल आणि चिकट पाक नमुन्याला लागेल. पॉलिथिन फोमला काही होत नाही.

तेल दिसत नसेल तर ही पायरी गाळा. खबरदारी म्हणून बुडवून ठेवणे हा नसता उद्योग आहे.

९. मोडतोड

पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद, थोडा पातळ करून, टाचणीच्या टोकावर घेऊन लावा. चटकन चिकटणारा सुपरग्लू कधीही नको. त्याची वाफ जवळच्या काळ्या पृष्ठभागावर पांढरट धुकट थर सोडते, आणि टॅकुआ तर जवळपास सगळाच काळा. शिवाय चुकीचा जोड पुन्हा सोडवता येत नाही. पंखाची चीर खालून ट्रेसिंग पेपरच्या चिंधीने जोडा. गळलेले उदर सर्वांत शेवटी, अंग पेटीत स्थिर झाल्यावर, चिकटवा.

१०. लेबल आणि पेटी

लेबल साधारण १८ बाय ८ मिमी, आम्लविरहित जाड कागद, न पसरणारी शाई. पहिल्या लेबलवर देश, राज्य, ठिकाण, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. दुसऱ्यावर जातीचे नाव आणि ओळख पटवणाऱ्याचे नाव.

पाकिटावर नुसते ‘मलेशिया’ असेल तर विक्रेत्याला राज्य विचारा. मलेशिया दोन भूभागांत आहे, आणि पेराक किंवा पाहांगचा नमुना व सबाह किंवा सारावाकचा नमुना यांत समुद्र आहे. उत्तर मिळाले नाही तर पाकिटावर आहे तेवढेच, जसेच्या तसे लिहा. अंदाजाने भरलेले ठिकाण रिकाम्या जागेपेक्षा वाईट. तारखेत महिना रोमन आकड्यांत लिहायची प्रथा आहे, त्यामुळे दिवस आणि महिना यांची अदलाबदल होत नाही.

पेटी घट्ट बसणाऱ्या झाकणाची. आतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. ६५ च्या वर गेली की बुरशी धरते आणि पुस्तकातल्या उवाही येतात. डांबराच्या गोळ्या ठेवणार असाल तर जाळीच्या पुडीत बांधून कोपऱ्यात टाचा. सुट्या ठेवल्यास त्या घरंगळतात आणि एका फेरीत चार पंख तोडतात. पेटीचे अस्तर किंवा झाकण पॉलिस्टायरिनचे असेल तर या गोळ्या वापरूच नका, त्यांच्या वाफेने ते मऊ पडून चिकट होते. त्याऐवजी वर्षातून एकदा पूर्ण पेटी पिशवीत घालून दोन आठवडे गोठवा.

दर तीन महिन्यांनी नमुन्याखालचा पांढरा कागद पाहा. बारीक तपकिरी पूड पडलेली दिसली तर अळी आतच आहे, आणि ती बहुधा उदरात आहे. त्याच दिवशी पेटी फ्रीझरमध्ये.